चारशे बारा कार्डं

१ ऑगस्ट, मंगळवार
यादी लागली. मापन आणि मूल्यमापन: शंभरपैकी अठ्ठावीस. म्हणजे ‘सप’, फेरपरीक्षा, ११ सप्टेंबरला. तीही गेली तर कॉलेज नाव काढून घरी पाठवतं. पोरं त्याला ‘डिस्को’ म्हणतात, आणि हसत म्हणतात. त्यांची वयं बावीस, माझं सत्तेचाळीस.

अठ्ठावीस का पडले याचा शांतपणे विचार केला. दोष वहीचा आहे. वहीत पान उलटलं की मागचं दिसेनासं होतं. अशाने कुणाच्या लक्षात राहणार?

निर्णय: सगळा विषय कार्डांवर. पुढे प्रश्न, मागे उत्तर. तेही हाताने खरडून नाही. कॉम्प्युटरवर करून, छापून. मुद्दे २०६, प्रत्येकी दोन कार्डं, एकूण ४१२. हातात दिवस ४१. रोज दहा. दोन उरतात, ती परीक्षेच्या सकाळी दाढी करताना.

आता निकालाची काळजी उरली नाही.

२ ऑगस्ट, बुधवार
शाळेतून फोन. डिसेंबरात आमचे हेडमास्तर निवृत्त होतायत. त्यांच्या खुर्चीला डिग्री लागते, म्हणून तर मला रजा देऊन इथे मोरोगोरो शहरातल्या कॉलेजात पाठवलंय. निघताना मला सगळ्या स्टाफने मिळून लॅपटॉप दिला. डिग्री नाही झाली तर खुर्ची मगायाला. हा मगाया माझ्या हाताखाली बाराखडी शिकवायचा.

फोनवर सांगितलं की सगळं व्यवस्थित चाललंय. खोटं नाही. योजना व्यवस्थितच आहे.

५ ऑगस्ट, शनिवार
कार्डाचा आकार ठरला. शर्टाच्या खिशात बसलं पाहिजे, म्हणजे डालाडालाच्या, इथल्या मिनीबसच्या, गर्दीतसुद्धा माणूस अभ्यास करू शकतो. खिसा फराजाच्या आईकडून, म्हणजे बायकोकडून, मोजून घेतला. ती शाळांचे गणवेश शिवते, टेप कायम गळ्यात. ती म्हणाली, खिसा कशाला मोजताय, पुस्तक मोजा ना, किती पानं राहिलीत ते. मी माप लिहून घेतलं.

एका पानावर दहा कार्डं. दोन कॉलम, पाच ओळी. सुरेख बसतात. तयार कार्डं: शून्य. पण साचा तयार आहे, आणि साचा म्हणजे अर्धं काम.

८ ऑगस्ट, मंगळवार
शेतकरी दिनाची सुट्टी. जत्रेला गेलो, कारण ती म्हणाली वर्षातून एकदा तरी माझ्याबरोबर चला. तिकडे बियाण्यांची पाकिटं पाहिली. मक्याचं पिवळं, भोपळ्याचं हिरवं. तिथल्या तिथे सुचलं: प्रत्येक प्रकरणाला वेगळा रंग! तिला म्हणालो, बघ, माणूस डोळे उघडे ठेवून हिंडला तर जत्रेतसुद्धा अभ्यास होतो. ती म्हणाली, मग बैल कोणत्या प्रकरणात येतो?

तयार कार्डं: शून्य.

१२ ऑगस्ट, शनिवार
फॉन्टमध्ये तीन दिवस गेले, पण वाया नाही गेले. प्रश्न ठळक, उत्तर बारीक आणि किंचित तिरकं. पहिलं कार्ड तयार. ‘मापन म्हणजे काय?’ मागे उत्तर. इतकं देखणं झालं की मोठ्याने वाचून दाखवलं. ती मशीन चालवत होती.

संध्याकाळी बीन्स निवडता निवडता तिने ते उत्तर शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं. म्हणजे पद्धत किती परिणामकारक आहे बघा. मला त्या वेळी आठवलं नाही, पण मी तेव्हा कडांच्या रेषेचा विचार करत होतो.

१७ ऑगस्ट, गुरुवार
विनफ्रिडा आली होती. माझ्याच हाताखाली पाचवी शिकली, आता माझ्याच वर्गात बसते. दारातूनच ‘शिकामू, म्वालिमू’, म्हणजे नमस्कार गुरुजी, म्हणाली, गुडघे वाकवून, हे चांगलं. मग स्वतःची वही पुढे केली. म्हणाली, म्वालिमू, मी सगळं तीन-तीनदा लिहून काढलंय, परीक्षा होईपर्यंत तुमच्याकडे ठेवा, मी पास झालेय, मला आता लागत नाही.

मी तिला बसवून पूर्ण पद्धत समजावली. रंग, आकार, कॉलम. पाऊण तास. ऐकून म्हणाली, छानच आहे म्वालिमू, पण मग वाचता कधी?

मुलीत समज कमी आहे. वही ठेवून घेतली, तिला वाईट वाटू नये म्हणून. कपाटावर आहे.

२१ ऑगस्ट, सोमवार
तयार कार्डं: ३४. रोज दहाचा हिशोब मध्यंतरी जरा मागे पडला. कारणं: (१) वीज, (२) मान, (३) पाहुणे.

२२ ऑगस्ट, मंगळवार
मोठा दिवस! तयार कार्डं: ४१२!

लेक्चरच्या स्लाइड्स पेन ड्राइव्हवर होत्याच. तिथून उचलायचं, इथे चिकटवायचं. दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत सगळं आटोपलं. एकही वाचलं नाही, म्हणूनच तर झालं. वाचत बसलो असतो तर महिना गेला असता.

फाइल लॅपटॉपवरून काढून फक्त पेन ड्राइव्हवर ठेवली. लॅपटॉप कुणीही उघडतं. ड्राइव्ह माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात असतो.

२४ ऑगस्ट, गुरुवार
छपाई. कॉलेजच्या फाटकासमोर शिरीमांची स्टेशनरी आहे, सगळं कॉलेज तिथेच छापतं. जाड मनिला कागद, चार रंग, बेचाळीस पानं. आधी सगळे प्रश्न छापायचे, मग गठ्ठा उलटा घालून मागे उत्तरं.

निघताना फराजाची आई म्हणाली, जरा थांबा, कागद उलटा केलात की डावीकडचं उजवीकडे जातं. बाह्या कापताना मी रोज बघते. अस्तर उलट्या बाजूने बसवायचं असलं की मी नमुना पालथा घालते, नाहीतर डावी बाही उजव्या खांद्याला येते. मी तिला समजावलं की कापड वेगळं आणि कॉम्प्युटर वेगळा. कॉम्प्युटरला बाह्या नसतात.

दुकानात शिरीमा म्हणाले, म्वालिमू, एक पान काढून बघू, दोन्ही बाजू जुळतात का, मग बाकीचं. मी म्हणालो, साहेब, मी तीन आठवडे मोजमाप केलंय, आणि विषयसुद्धा मोजमापाचाच आहे. शिरीमांनी खांदे उडवले. गिऱ्हाईक तुम्ही, म्हणाले.

बेचाळीस पानं. रंग डोळ्यांत भरतात. परत येताना दोघातिघांनी विचारलं, लग्नपत्रिका का?

२५ ऑगस्ट, शुक्रवार
कापली. कोपरे गोल केले, तिच्या चांगल्या कात्रीने. कात्रीला आता धार राहिली नाही असं ती म्हणते, बरंच काही म्हणते. मग सगळी कार्डं पत्त्यांसारखी पिसली. पिसणं महत्त्वाचं, नाहीतर मेंदू क्रम पाठ करतो. एक तास पिसली, चारशे बाराच्या चारशे बारा.

२७ ऑगस्ट, रविवार
चर्चमधल्या मासहून आल्यावर शुभारंभ केला. मी खुर्चीत, ती मशीनवर, कार्डं तिच्या हातात. तिने विचारलं, चाचणीची विश्वासार्हता म्हणजे काय? मी म्हणालो, आधी तू मागचं वाच, मी ऐकतो, सुरुवात अशीच करायची. तिने वाचलं: पर्याय चार असावेत आणि त्यांची लांबी सारखी असावी.

म्हणालो, स्लाइड चुकली असेल, पुढचं घे. पुढचं: निबंधाच्या प्रश्नाचे तोटे कोणते? मागे: एका नदीच्या खोलीचं उदाहरण. तिसरं तसंच. दहावं तसंच.

प्रत्येक उत्तर शेजारच्या कार्डावर गेलंय. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. एकूण एक. आणि शेजारी आता कुठे आहेत, कुणास ठाऊक. मीच पिसलेत.

तिने गठ्ठा टेबलावर ठेवला आणि मशीन सुरू केलं. तिचं ते मशीन सुरू करणं मला मुळीच आवडलं नाही.

२८ ऑगस्ट, सोमवार
घाबरण्यासारखं काही नाही. पुन्हा छापू.

संध्याकाळी. शिरीमांच्या दुकानात ड्राइव्ह लावला. व्हायरस. सगळ्या फाइलींच्या जागी नुसते शॉर्टकट, दाबलं की काहीच उघडत नाही. शिरीमा म्हणाले, गुरुवारी तुमच्या आधी कुणीतरी लावला असेल त्यातला, इथे रोजचंच आहे. घरी कॉपी असेलच ना? मी म्हणालो, आहे.

३० ऑगस्ट, बुधवार
रात्र वाईट गेली, पण सकाळी डोकं साफ. माहिती कुठे गेलीय का? नाही. चारशे बारा प्रश्न घरात आहेत, चारशे बारा उत्तरंही घरातच आहेत. फक्त जोड्या लावायच्या. बैठकीच्या खोलीत जमिनीवर कार्डं मांडली. अडचण एकच: कुठलं उत्तर कुठल्या प्रश्नाचं हे ओळखायला उत्तर माहीत असावं लागतं.

१ सप्टेंबर, शुक्रवार
जोड्या: ७४. त्यांतल्या साठ तिने लावल्या. टाके घालता घालता मान वळवून सांगते, ते हिरवं त्या खिडकीजवळच्या हिरव्याचं. विचारलं, तुला कसं कळतं? म्हणाली, विनफ्रिडाची वही वाचते मी, काज करताना मशीनला टेकवून ठेवते. कपाटावरून कधी काढली, मला पत्ताही नाही.

उद्या मात्र दोनशे जोड्या. नक्की.

२ सप्टेंबर, शनिवार
आज जुमुइया आमच्याकडे होती हे मी साफ विसरलो. वस्तीतल्या कॅथलिक घरांची शनिवारची प्रार्थना, पाळीपाळीने एकेकाच्या घरी. सकाळी साडेसहाला अठरा बायका आणि पुढारी म्हणून म्हातारे मझी पास्काली. मी अंघोळीला होतो. फराजाची आई पाणी आणायला नळावर. बाहेर येतो तर चटया पसरलेल्या, गाणं सुरू, आणि जमिनीवर एक कार्ड नाही.

बायकांनी उचलून, रंगांप्रमाणे लावून, दोऱ्याने बांधून ठेवली होती. फार नीटनेटकं काम. लावलेल्या जोड्याही त्यातच. गुलाबी गठ्ठा मात्र वाटून टाकलेला. त्यांना वाटलं आमच्या घरून छापील प्रार्थना दिल्यात. मागण्या मांडायची वेळ आली तेव्हा एका आजींनी चष्मा लावून कार्ड वाचलं: गुण देताना परीक्षकाने पक्षपात करू नये. सगळ्या म्हणाल्या, प्रभू, आमची प्रार्थना ऐक.

अकरा गुलाबी कार्डं परत आली नाहीत. मागणार कशी?

५ सप्टेंबर, मंगळवार
नवा विचार. चुकीचं उत्तर समोर आलं की मेंदू खडबडून जागा होतो आणि बरोबर उत्तर शोधतो. म्हणजे ही कार्डं उलट जास्तच चांगली. उत्तम चाळीस निवडली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. आता सतत जवळ असतील. डालाडालात, रांगेत, जेवताना. आकार अचूक होता, हे कुणालाही मान्य करावं लागेल.

९ सप्टेंबर, शनिवार
फराजाच्या आईने आज मशीनच बंद केलं. दोन शाळांची कापडं पडून आहेत, तरी. वही घेऊन बसली. म्हणाली, आता तुम्ही फक्त ऐका, मी वाचते, काही छापू नका, काही कापू नका. चांगलं वाचते. पहिल्या प्रकरणापर्यंत मी जागा होतो.

उठलो तेव्हा ती एकटीच पुढे वाचत होती, हलक्या आवाजात. मला वाईट वाटलं. मग वाटलं, झोप झाली हेही बरंच, डोकं ताजं हवं.

११ सप्टेंबर, सोमवार
पहिला प्रश्न: चाचणीची वैधता आणि विश्वासार्हता यांतला फरक उदाहरणांसह सांगा. पंचवीस गुण.

कार्ड लख्ख आठवलं. हिरवं. डाव्या कोपऱ्यात मनिलाला एक बारीक धागा होता. प्रश्न ठळक, मधोमध. पलटलं की… तिथे चार पर्यायांची लांबी.

घाम फुटला. रुमालासाठी खिशात हात घातला. आठवडाभर कार्डं तिथे असल्यामुळे ती आहेत हेच अंगवळणी पडलं होतं. चाळीसच्या चाळीस बाकाखाली. हॉलमध्ये पंखा होता, तो त्यांना पुढच्या रांगेपर्यंत घेऊन गेला. पर्यवेक्षक न्योनी सर एकेक उचलत आले. म्हणाले, म्वालिमू, तुम्हीसुद्धा? एवढंच. मुलं वळून बघत होती. मी पेपर पुरा लिहिला. लिहिला म्हणजे भरला.

१३ सप्टेंबर, बुधवार
पत्र आलं. सोमवारी शिस्त समितीपुढे हजर राहा. कॉपी सिद्ध झाली तर नाव तर जाईलच, शिवाय शिक्षण खात्याला कळवतील. मग हेडमास्तरची खुर्ची राहू दे, साधा मास्तर म्हणूनही कुणी उभं करणार नाही. चोवीस वर्षांची नोकरी.

तिने पत्र दोनदा वाचलं. विचारलं, बघून लिहिलंत? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, ते मला माहीत आहे, पण त्यांना कसं पटवणार?

१६ सप्टेंबर, शनिवार
भाषण तयार. शीर्षक: कार्ड पद्धतीचे शैक्षणिक फायदे. नऊ मुद्दे. समिती प्रभावित होईल.

१८ सप्टेंबर, सोमवार
पाच माणसं. अध्यक्ष डॉ. किहवेले बाई. फराजाची आई बाहेर बाकावर, चांगला खांगा नेसून. मी दुसऱ्या मुद्द्यावर होतो तेव्हा बाई म्हणाल्या, म्वालिमू, फायदे राहू द्या. खिशाच्या मापाची कार्डं, त्यावर आमच्या पेपरातले प्रश्न, मागे उत्तरं, याला आम्ही काय म्हणायचं?

मी भाषणाचा कागद घडी केला. मग म्हणालो, बाई, एक कार्ड वाचून बघा. त्यांनी वाचलं, पुढे आणि मागे. कपाळाला आठी. दुसरं वाचलं. म्हणाल्या, हे काय आहे?

मग मला सांगावं लागलं. टेबलावर दहा कार्डं मांडली, कागद कसा उलटला ते हाताने दाखवलं, डावं उजवीकडे कसं जातं ते दाखवलं. पिसल्याचं सांगितलं. व्हायरसचं सांगितलं. एकेक कार्ड उचलून पाच माणसांना पटवलं की हेही चूक, हेही चूक, बघा, याचा तर काही संबंधच नाही. चाळीस कार्डं. सव्वा तास. इतकं मन लावून मी त्या कॉलेजात कधीच बोललो नव्हतो. न्योनी सरांनी माझा पेपर आणून शेजारी ठेवला आणि ताडून पाहिला. एका सभासदाने मध्येच तोंडावर फाइल धरली, खांदे हलत होते.

दहा मिनिटांत निर्णय झाला, एकमताने. किहवेले बाई म्हणाल्या, या कार्डांवरून कुणालाही कॉपी करता येणार नाही अशी समितीची खात्री पटली आहे. तुम्ही निर्दोष आहात.

बाहेर आलो. ती उठून उभी राहिली. मी म्हणालो, सुटलो. तिने भर व्हरांड्यात माझे दोन्ही हात धरले आणि रडली. म्हणाली, मग झालं ना सगळं? मी म्हणालो, झालं.

२० सप्टेंबर, बुधवार
तिने फराजाला वसतिगृहात फोन करून सांगितलं की बाबांचं झालं. शाळेतही कळवलं. हेडमास्तर फोनवर मला म्हणाले, डिसेंबरात खुर्ची झाडून ठेवतो. मी त्यांना थांबवलं नाही. रविवारी पिलावचा बेत आहे. तिने माझ्यासाठी नवा शर्ट शिवायला घेतलाय.

सांगायला हवं. उद्या सांगतो.

२१ सप्टेंबर, गुरुवार
सांगणार होतो, पण ती गात होती.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
यादी लागली. तीही आली, म्हणाली तुमचं नाव मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. गर्दीत माझ्या पुढे घुसली. बोट लावून एकेक नाव वाचत गेली. माझ्या नावावर बोट थांबलं. एकोणीस. त्यापुढे लाल शाईत दोन शब्द: नाव कमी. तिला सगळं वाचता येतं.

बोट बराच वेळ तिथेच होतं. मग तिने ते काढलं आणि मागच्यांना वाट करून दिली.

डालाडालात शेजारी बसलो. मी म्हणालो, पेपर फार अवघड होता. ती खिडकीबाहेर बघत होती. मी म्हणालो, कुणालाच आला नसेल. ती म्हणाली, पहिला प्रश्न मला येत होता.

मी विचारलं, काय होतं उत्तर?

तिने सांगितलं. बाजाराच्या थांब्यापासून आमच्या थांब्यापर्यंत सांगत होती, उदाहरणांसकट, न अडखळता. मी नीट ऐकलं. बरोबर होतं की नाही, मला कळलं नाही.